उद्दिष्ट पूर्ण

नगरपालिकेतल्या थोरल्या कारकुनांना अख्खं गाव अर्जमास्तर म्हणायचं. त्यांनी आयुष्यात एका पोराला बाराखडी शिकवली नव्हती, पण सरकारकडून काही काढायचं असेल तर अर्ज त्यांच्याच हातचा हवा, याबद्दल गावात दुमत नव्हतं. बसथांब्याचं छप्पर त्यांच्या अर्जाने आलं. शाळेची गाडी त्यांच्या अर्जाने आली. पाण्याचा पंप तर दोनदा आला, कारण पहिला मंजूर केल्याचं सरकार विसरलं आणि मास्तरांनी आठवण करून द्यायची तसदी घेतली नाही. ज्येष्ठ नागरिक मंडळाने खुर्च्या मागितल्या होत्या, त्यांना व्यायामाच्या सहा सायकली मिळाल्या. त्यात मास्तरांचा दोष नव्हता, खुर्च्यांची योजना त्या वर्षी गुंडाळली होती. म्हातारे अजून त्या सायकलींवर बसून पेपर वाचतात. पायडल मारायची सक्ती कुणावर नाही.

नऊ वर्षांपूर्वी बाटल्यांचा कारखाना बंद पडला तेव्हापासून गाव असंच चाललं होतं. ज्यांचे हातपाय धड होते ते निघून गेले. राहिले ते अनुदानावर राहिले, आणि अनुदान मास्तरांवर राहिलं.

पोस्टाच्या वरच्या मजल्यावर पालिकेच्या दोन खोल्या. एकीत अध्यक्षबाईंचं टेबल, दुसरीत मास्तर आणि त्यांचा संगणक. सरकारचं पोर्टल वीस मिनिटांत माणसाला बाहेर काढायचं आणि लिहिलेलं सगळं गिळून बसायचं, म्हणून मास्तर आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेनाने लिहीत आणि मगच टाइप करत. लिहायचे नियम त्यांना आधीच्या थोरल्या बाबूंनी शिकवले होते. अर्जात पडझड दाखवायची, तीही हात आखडता न घेता. अहवालात प्रगती दाखवायची, पण सत्तर टक्क्यांच्या वर एक टक्का जायचं नाही. सत्तर म्हणजे साहेब, तुमची मदत वाया गेली नाही. उरलेले तीस म्हणजे साहेब, पुढच्या वर्षीही आम्हाला विसरू नका. सव्वीस वर्षं मास्तरांनी हा नियम पाळला. बसथांब्याचं छप्पर पूर्ण बांधून झालं तेव्हाही त्यांनी अहवालात ते सत्तर टक्केच बांधलं होतं.

दुसरा एक नियम त्यांचा स्वतःचा होता. अर्जाचा कच्चा मसुदा ते घरी नेऊन बायकोला वाचून दाखवत. मास्तरीणबाई कारखान्यात वीस वर्षं बाटल्या उजेडाला धरून तपासत बसल्या होत्या. खोट काढायची सवय हाडीमांसी भिनलेली. "हे वाक्य उगाच गळा काढतंय, कापा," असं त्या म्हणाल्या की मास्तर मुकाट्याने कापत. आणि ऐकता ऐकता त्यांचं विणकाम थांबलं की समजायचं, अर्ज जमला.

कारखान्याने जाताना त्यांना एक देणगी दिली होती, ती छातीत बसली होती. वर्षातून चार-पाच वेळा दम असा लागायचा की ओठ निळे पडायचे. मोठं इस्पितळ अडीच तासांवर, आणि तो रस्ता असा की निरोगी माणूसही तिथे पोहोचेपर्यंत दाखल करून घ्यायच्या लायकीचा व्हायचा. चार वर्षांपूर्वी मास्तरांनी आपल्या हयातीतला सगळ्यात चांगला अर्ज लिहिला तो यासाठीच. योजनेचं नाव दुर्गम क्षेत्र सेविका अनुदान. ज्या गावाची अवस्था वाईटातली वाईट, त्याला एक नर्स, तिचा पगार, एक खोली आणि औषधांचं भरलेलं कपाट. त्या अर्जाच्या वेळी मास्तरीणबाईंचं विणकाम पहिल्याच पानावर थांबलं होतं.

मग सिस्टर आली. तिशीची, ठेंगणी, रबरी चपला फटफट वाजवत चालणारी, आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात तिने अध्यक्षबाईंना त्यांच्याच गिरणीत, गिऱ्हाइकांसमोर, वजनावरून झापलं. दुसऱ्या आठवड्यात लोक तिला घाबरायला लागले आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्यावाचून कुणाचं पान हलेना. ती मास्तरांच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहायची. बोलावणं गेलं की पाच मिनिटांत दारात.

गेल्या हिवाळ्यात मास्तरीणबाईंना तसला मोठा झटका आला. सिस्टरने इंजेक्शन दिलं, प्राणवायूची टाकी एकटीने ओढत आणली, वाफेचं मशीन लावलं, आणि मास्तर भिंतीला टेकून नुसते डोळे पुसत असताना त्यांना दरडावलं, "मास्तर, रडायचं असेल तर बाहेर. नाहीतर ही टाकी धरा." तासाभराने मास्तरीणबाईंच्या गालावर रंग आला. सिस्टर त्यांना म्हणाली, "काकू, झोपून काय राहिलात? घरी आलेल्याला चहा विचारायची पद्धत नाही का?"

"अगं पोरी, हे तोंडावरचं काढ, म्हणजे विचारते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर ऑफिसात गेले. सेविका अनुदानाचा वार्षिक अहवाल भरायचा होता. त्यांनी कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पेन टेकवलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून जे होतं ते जसंच्या तसं उतरलं. वर्षभरात एकही बाळंतीण दगावली नाही. एकही मूल लसीवाचून राहिलं नाही. रात्री-अपरात्री बोलावलं तरी सेविका पाच मिनिटांत हजर असते. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी त्यांनी शेवटच्या रकान्यात शंभर लिहिलं. खाली लिहिलं, उद्दिष्ट पूर्ण. बायकोला वाचून दाखवायचं त्यांना सुचलंच नाही, कारण मसुदा घरी न्यायचा तो अर्जाचा. अहवालाला कोण विचारतो?

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. दोन पानी पत्र, वर मोठ्या अक्षरात हार्दिक अभिनंदन. अध्यक्षबाईंनी ते पालिकेच्या सभेत उभं राहून वाचलं. राज्यातल्या मोजक्या यशस्वी गावांत आपल्या गावाची गणना झाली म्हणताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर मागच्या बाकावर होती, तिला उभं करून पुन्हा टाळ्या झाल्या. ती लाजून म्हणाली, "बसू द्या हो, मला दोन ड्रेसिंग करायचीत." मग अध्यक्षबाईंनी पान उलटलं, आणि त्यांचा आवाज एकेका ओळीला खाली खाली जात गेला. सदर क्षेत्राची निकड संपुष्टात आली असल्याने अनुदान चालू तिमाहीअखेर बंद करण्यात येत आहे.

टाळ्या वाजवलेले हात मांडीवरच राहिले.

दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसने ते जिल्हा कचेरीत गेले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर फायलींच्या इतक्या उतरंडी होत्या की तो दोन फायलींच्या मधून बोलत होता.

"साहेब, ती बाई गेली तर आमच्याकडे माणसं मरतील."

"मरत होती म्हणून तर दिली ना योजना. आता मरत नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय."

"ती आहे म्हणून मरत नाहीत."

"मला कळतंय हो, काका." साहेबाने चष्मा काढून डोळे चोळले. "पण माझ्याकडे रांगेत सतरा गावं आहेत. तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतली. त्यातल्या कुठल्या गावाचं नाव खोडू, ते तुम्हीच सांगा."

मास्तरांनी अपिलाचं विचारलं. साहेबाने नियम काढून दाखवला. तीस दिवसांत अपील करता येतं, पण आधीचा अहवाल चुकीचा होता हे दाखवावं लागतं. चूक पालिकेची निघाली तर पालिकेची झाडून सगळी अनुदानं चौकशी होईपर्यंत थांबणार. पंप, शाळेची गाडी, सफाईवाल्यांचे पगार, सगळं. माहिती देणाऱ्याची चूक असेल तर गोष्ट वेगळी.

"माहिती देणारं म्हणजे?"

"नोंदवही कोण लिहितं तुमच्याकडे?"

नोंदवही सिस्टर लिहायची. मग शिपाई पुढची फाईल घेऊन आला.

परतल्यावर अध्यक्षबाईंनी गिरणीतल्या पोत्यावर बसूनच सगळं ऐकलं. "लिहून टाका मास्तर," त्या म्हणाल्या. "सिस्टरने नोंदी वाढवून दिल्या म्हणावं. गावाला अजून गरज आहे म्हणावं. कागदच आहे हो, कोण वाचतंय? तिची नोकरी वाचावी म्हणूनच तर करतोय आपण. तिचं वाईट थोडंच चिंततोय?"

मास्तरांना हे पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला ते गिरणीपर्यंत गेलेच होते. आयुष्यभर त्यांनी कागदावर गावाची अब्रू काढली होती, उपाशी दाखवलं होतं, आजारी दाखवलं होतं, आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. उलट छपरं आली होती. कागदावरच्या गावाला शिव्या दिल्या की खऱ्या गावाचं भलं होतं, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव. सिस्टरच्या बाबतीत तो कसा खोटा ठरेल?

तरी एकदा तिच्या कानावर घालावं म्हणून ते दवाखान्यात गेले. ती चांभाराच्या पायाची जखम धूत होती आणि त्याला रागे भरत होती. मास्तर दारात उभे राहिले. वाक्य त्यांनी वाटेत नीट जुळवून आणलं होतं, पण बोलले ते वेगळंच.

"सिस्टर, अपील करायचंय. काही कागदपत्रं करावी लागतील. तुमचं नाव येईल त्यात."

"येऊ दे की." तिने मान वर केली नाही. "मला त्या कागदातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही लिहाल ते बरोबरच असेल. काकूंनी रात्रीचं औषध घेतलं का काल?"

"घेतलं."

"मग झालं तर."

त्याच दुपारी मास्तरांनी अपील लिहिलं. हात बसलेला होता, शब्द आपणहून येत गेले. सेविकेने प्रत्यक्ष भेटी न देताच नोंदी केल्याचे निदर्शनास येत आहे. सेविका मुख्यालयी वारंवार अनुपस्थित असते. नागरिकांच्या तोंडी तक्रारी आहेत. त्या तक्रारींना वजन यावं म्हणून त्यांनी दोन बायकांची हकिगत रचली, अंगणातच बाळंत झालेल्या. वाचणाऱ्याच्या काळजाला घरं पडावीत असं ते लिखाण होतं. संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा मसुदा ऑफिसच्या खणात ठेवून गेले. मास्तरीणबाईंनी विचारलं, "आज काही वाचायचं नाही का?" मास्तर म्हणाले, "किरकोळ आहे, कशाला तुझं डोकं उठवू?" त्या विणत राहिल्या.

अपिलाचा निकाल महिन्याभरात लागला. इतक्या लवकर सरकारने त्या गावाला कशाचंच उत्तर दिलं नव्हतं. गरजेबाबत फेरसर्वेक्षण करावं लागेल, त्याला अंदाजे दोन वर्षं. मात्र सेविकेविरुद्ध पालिकेने केलेली तक्रार गंभीर असल्याने तिची स्वतंत्र चौकशी सुरू करण्यात आली असून, चौकशी पूर्ण होईपर्यंत तिची नोंदणी स्थगित राहील. तिने कुठेही, कुणावरही उपचार करू नयेत. दवाखान्यातला साठा यादी करून जमा करावा.

म्हणजे नर्स गावाला मिळाली नाहीच, आणि रांगेतल्या सतरा गावांनाही मिळाली नाही. मास्तरांच्या पेनाने एक अख्खी नर्सच नाहीशी केली.

यादी करायचं काम नियमाप्रमाणे पालिकेच्या कारकुनाचं. मास्तर सकाळी दवाखान्यात गेले तेव्हा सिस्टरने कपाट उघडून सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. बाजूला तिला आलेलं पत्र होतं. त्याला मास्तरांच्या अपिलाची प्रत जोडलेली होती, टाचणीसकट.

"इंजेक्शनच्या कुप्या बारा," ती म्हणाली. मास्तरांनी लिहिलं. "वाफेचं मशीन एक. टाकी एक, भरलेली. बँडेज..." ती मोजत गेली, ते लिहीत गेले. आवाज तिचा होता तसाच होता. शेवटी कपाट रिकामं झालं आणि तिने फडक्याने आतली फळी पुसली.

"सिस्टर, मला वाटलं होतं..."

"लिहिलंय मात्र छान," ती म्हणाली. "त्या दोन बायकांचं वाचून मलाच रडू आलं. म्हटलं, कुठे होते मी तेव्हा?"

मास्तरांना वाटलं हिने ओरडावं, चपला फटफटवत अंगावर यावं. तिने फक्त किल्ली त्यांच्या हातात दिली. दुपारी जिल्ह्याची गाडी आली आणि खोकी घेऊन गेली. पोचपावतीवर मास्तरांची सही.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगावंच लागलं, गावभर झालं होतं. मास्तरीणबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं.

"वाचून दाखवलं नाहीत, तेव्हाच मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "फक्त एवढं असेल असं वाटलं नव्हतं."

"तुझ्यासाठीच केलं गं."

"माझं नाव मध्ये आणू नका. मला विचारलं असतंत तर मी कापलं असतं. पहिल्या ओळीपासून कापलं असतं."

आणि त्या उठल्या. तीन गल्ल्या चालायला त्यांना अर्धा तास लागला, तीनदा ओट्यांवर टेकावं लागलं. मास्तर मागून निघाले तसं त्यांनी हातानेच थांबवलं. सिस्टरच्या खोलीत काय बोलणं झालं ते मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही. येताना सिस्टरने मास्तरीणबाईंचा दंड धरला होता. तिने त्यांना दाराशी सोडलं, मास्तरांकडे न बघता मागे फिरली.

चौकशीची तारीख काही लागेना. नोंदणी स्थगित म्हटल्यावर तिला दुसरीकडे कुणी उभं करेना, आणि चौकशीला हजर राहायचं म्हणून गाव सोडता येईना. ती शिंप्याच्या दुकानात बसून शर्टांना बटणं लावायला लागली. टाके मात्र इतके सरळ घालायची की शिंपी म्हणायचा, पोरी, कापड फाटलं तरी बटण राहील. रोज दुपारी, मास्तर ऑफिसात असताना, ती मास्तरीणबाईंपाशी येऊन बसायची. मास्तरांना ते घरातल्या दोन उष्ट्या कपांवरून कळायचं. ते कप धुवायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. एवढंच करण्यासारखं उरलं होतं, असं नाही. ते नव्या सेविकेसाठी अर्ज करतच होते, आरोग्य खात्याला, कामगार कल्याणला, दूरवरच्या कुठल्या कुठल्या संस्थांना. पण आता अर्ज जमत नव्हते. सेविका नाही म्हणून लोकांचे हाल होतात, एवढं एक खरं वाक्य लिहून ते पेन धरून बसायचे, आणि वीस मिनिटांनी पोर्टल त्यांना बाहेर काढायचं.

घरासाठी त्यांनी शहरातून तोंडात मारायचे दोन पंप आणून ठेवले. इंजेक्शन कुणी चिठ्ठीशिवाय देईना, आणि दिलं तरी टोचणार कोण? प्राणवायूची टाकी घरी ठेवायला परवाना लागत होता. त्याचाही अर्ज केला होता. तो पोहोचल्याचं उत्तर आलं होतं.

हवा बदलली त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे साडेदहा. मास्तर ऑफिसला निघायच्या बेतात होते, एक पाय बुटात. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मास्तरीणबाई ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या आणि खांदे कानांपर्यंत वर खाली होत होते. पंप मारला. पुन्हा मारला. दुसरा पंप फोडला. ओठांचा रंग जायला लागला तसे मास्तर एका पायात बूट, एक पाय अनवाणी, असे तीन गल्ल्या पळत शिंप्याच्या दुकानात पोहोचले.

सांगायची गरजही पडली नाही. सिस्टरने दातांतला दोरा तोडला, शर्ट खाली ठेवला आणि ती धावत सुटली. जाता जाता शिंप्याला ओरडली, "गिरणीचा टेम्पो मागवा. आत्ता!"

पाच मिनिटांत ती दारात होती. पहिल्यासारखीच. फक्त हात मोकळे होते.

तिने मास्तरीणबाईंना पुढे वाकवून बसवलं, पाठीमागे स्वतः बसली, त्यांच्या बरगड्यांवर हात ठेवले. "काकू, माझ्याबरोबर. घ्या. सोडा. हळू सोडा. फुंकर घातल्यासारखं." सवयीने तिचा उजवा हात बाजूला गेला, जिथे नेहमी पेटी ठेवलेली असायची, आणि तिथून तसाच परत आला. मास्तरांनी ते पाहिलं.

टेम्पो आला. गिरणीची रिकामी पोती मागे पसरली होती, त्यावरच मास्तरीणबाईंना बसवलं. सिस्टर केबिनला पाठ लावून बसली, त्यांना छातीशी उभं धरून. मास्तर समोर. टेम्पोवाल्याने गाडी हाणायला सुरुवात केली. रस्ता तोच होता, अडीच तासांचा, आणि पोत्यांतून पिठाचा धुरळा उडत होता. सिस्टरने आपली ओढणी ओली करून त्यांच्या नाकापुढे धरली.

"अगं," मास्तरीणबाई म्हणाल्या. एकेका शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं. "बटणं... राहिली तुझी."

"बोलू नका काकू. बटणं कुठे पळून जात नाहीत. घ्या. सोडा."

त्या हसल्या असाव्यात. निदान मास्तरांना तसं वाटलं. त्यांनी मास्तरांकडे हात केला, मास्तरांनी तो दोन्ही हातांत धरला. नखं निळी होती. किती वेळ गेला कोण जाणे. पहिली टेकडी गेली, दुसरी लागली.

"सिस्टर, काहीतरी करा," मास्तर म्हणाले.

"करतेय ना."

"इंजेक्शन असतं तर?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मास्तरांना सोसला असता.

"असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, मास्तर," ती म्हणाली, आणि पुन्हा मोजायला लागली. घ्या. सोडा. घ्या. सोडा.

कधीतरी ती नुसतंच घ्या म्हणत राहिली. मग तेही थांबलं. तिने मास्तरीणबाईंच्या मानेवर दोन बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, मग त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर नीट टेकवलं. गाडी अजून खड्ड्यांवरून उधळत होती आणि त्यांचा हात मास्तरांच्या हातात हिसके खात होता.

"त्याला सांगा, सावकाश घे," सिस्टर म्हणाली. "आता घाई नाही."

मास्तरांना ऐकू आलं होतं. पण ते हललेच नाहीत, हात धरून बसून राहिले. मग तिनेच मागे हात नेऊन केबिनच्या काचेवर दोनदा टकटक केलं, आणि टेम्पो हळू झाला.